क्रिटाचे फिल्टर मास्क: चित्रकारांचं सॉफ्टवेअर, पण फोटोवाल्यांनी बघावं असं

फोटो एडिटिंगचा विषय निघाला की क्रिटाचं नाव सहसा कोणी घेत नाही. ते चित्रं काढणाऱ्यांचं आहे म्हणून लोक पुढे जातात आणि त्यात तथ्य आहेच. १९९९ मधे केडीईच्या (मुक्त सॉफ्टवेअर बनवणारा एक गट) ऑफिस पॅकेजचा एक भाग म्हणून हा प्रोजेक्ट सुरू झाला आणि २००९ च्या सुमारास त्यांनी ठरवून टाकलं की आपण डिजिटल पेंटिंगवरच लक्ष द्यायचं. पण मूळ फोटोला हात न लावता त्यावर फिल्टर चढवायचे, प्रत्येक फिल्टर कुठे लागेल आणि कुठे नाही ते ब्रशने ठरवायचं, आणि मनात आलं की फाईल परत उघडून त्यातला एखादाच बदलायचा, हे जर तुमचं नेहमीचं काम असेल तर फुकटातल्या सॉफ्टवेअरमधे मला तरी इतकं सरळ दुसरं काही सापडलं नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू तेवढ्या एकाच भागाचा आहे, ब्रश आणि ॲनिमेशनवर भरपूर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय.

ज्यांना ही भानगडच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या पद्धतीने ब्लर मारला की पिक्सेल बदलले, सेव्ह केलं, फाईल बंद केली, संपलं, आता मूळ परत येत नाही. म्हणजे भिंतीला रंग मारल्यासारखं. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह म्हणजे भिंतीसमोर रंगीत काच धरणं, भिंत आहे तशीच. मास्क म्हणजे त्या काचेचा कुठला भाग पारदर्शक आणि कुठला रंगीत हे सांगणारा करड्या छटांचा नकाशा, पांढरं असेल तिथे फिल्टर पूर्ण लागतो, काळं असेल तिथे अजिबात नाही, मधल्या करड्याला मधलं. बस्स, एवढंच. ह्यात काही जादू नाही आणि हे काही नवीनही नाही, फोटोशॉपमधे ॲडजस्टमेंट लेयर (लेयर म्हणजे चित्रात एकावर एक रचलेले थर) १९९६ च्या ४.० पासून आहेत आणि स्मार्ट फिल्टर २००७ च्या सीएस३ पासून.

आता क्रिटात हे कसं होतं ते बघू. फोटो उघडला, लेयर डॉकरमधे (लेयरची यादी दाखवणारी बाजूची पट्टी) प्लसच्या शेजारच्या बाणावर क्लिक केलं की भली मोठी यादी येते, त्यात फिल्टर लेयर आणि फिल्टर मास्क असे दोन वेगळे प्रकार दिसतात आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. फिल्टर मास्क हा एका लेयरला किंवा एका ग्रुपला टांगलेला असतो आणि फक्त त्यालाच लागतो. फिल्टर लेयर मात्र त्याच ग्रुपमधे त्याच्याखाली जे जे काही आहे त्या सगळ्याला लागतो. दोघांनाही मास्क असतो आणि दोघांवरही ब्रश चालतो. पण एक फरक असा आहे की तो कळेपर्यंत डोकं फिरतं, फिल्टर लेयरला ओपॅसिटी (किती गडद किंवा पुसट लागायचं) आणि ब्लेंडिंग मोड (खालच्या चित्रात कसं मिसळायचं) मिळतात, फिल्टर मास्कला मिळत नाहीत. मास्क सिलेक्ट केला की ओपॅसिटीची पट्टी सरळ बंद पडते. शार्पनिंग जरा जास्त झालं, सत्तर टक्क्यांवर आणू, असं मनात आलं तर मास्कवर ते थेट करता येत नाही. मग एकतर एफ३ दाबून फिल्टरचीच सेटिंग कमी करा, किंवा अख्खा मास्क करड्या रंगाने भरून टाका. दुसरा उपाय ऐकायला जुगाड वाटतो पण चालतो व्यवस्थित, कारण करडा म्हणजेच अर्धवट लागलेला फिल्टर.

हे एफ३ लक्षात ठेवाच. क्रिटामधला अर्धा नॉन-डिस्ट्रक्टिव्ह कारभार ह्या एका बटणावर चालतो. फिल्टर मास्क निवडा, एफ३ दाबा, आधी ठेवलेल्या सगळ्या किंमती जशाच्या तशा समोर, बदला, ओके. दुसरी छान सोय अशी की वरच्या फिल्टर मेनूतून तुम्ही साधा फिल्टर उघडलात, तरी त्या खिडकीच्या खाली 'क्रिएट फिल्टर मास्क' असं बटण आहे. म्हणजे आधी स्लायडर हलवून बघा, पटलं तर पिक्सेलवर न मारता तिथूनच मास्क करून टाका. बऱ्याच जणांची नजर ओकेकडे जाते आणि ह्या बटणाकडे जातच नाही.

आणि सिलेक्शन. मास्क बनवताना सिलेक्शन चालू असेल तर मास्क तेवढ्याच आकाराचा बनतो, नसेल तर पूर्ण पांढरा. त्यामुळे आकाश, चेहरा, कपडे असलं काही असेल तर आधी ढोबळ सिलेक्शन करायचं, सिलेक्ट मेनूतून कडा थोड्या फेदर म्हणजे मऊ करायच्या, मग मास्क जोडायचा आणि बाकीची सफाई मऊ ब्रशने करायची. डी दाबलं की रंग काळा-पांढरा, एक्स दाबलं की अदलाबदल. सिलेक्शन टूलनेच केसांच्या बटा पकडायच्या नादाला लागू नका, मास्कवर ब्रश घेऊन ते काम निम्म्या वेळात होतं आणि चुकलं तरी रंग पालटून परत फिरवलं की झालं.

आता फोटोशॉपशी तुलना, कारण ती होणारच. फोटोशॉपमधे एका स्मार्ट ऑब्जेक्टवर (मूळ चित्र आत जपून ठेवणारा लेयर) कितीही स्मार्ट फिल्टर लावा, मास्क सगळ्यांना मिळून एकच. प्रत्येक फिल्टरला वेगळी ओपॅसिटी आणि वेगळा ब्लेंडिंग मोड मिळतो, पण ब्लर फक्त मागे आणि शार्पन फक्त डोळ्यांना असं हवं असेल तर स्मार्ट ऑब्जेक्टच्या पोटात स्मार्ट ऑब्जेक्ट किंवा दुसरी कॉपी असं काहीतरी करावं लागतं. क्रिटात बरोबर उलटं, ओपॅसिटी नाही पण प्रत्येक फिल्टरला स्वतःचा मास्क. मला विचाराल तर फोटोच्या कामात मास्क वेगळा मिळणं जास्त मोलाचं, कारण ओपॅसिटीची उणीव करड्या रंगाने भरून निघते, मास्कची उणीव कशानेच भरून निघत नाही.

एक उदाहरण घेऊन सांगतो. समजा खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा फोटो आहे, मागून उजेड, चेहरा काळवंडलेला, खिडकीतलं आकाश पांढरंफटक, आणि भिंतीवरच्या हिरव्या रंगाची झाक गालावर आलेली. पहिलं काम, फोटोच्या लेयरला कुलूप. लेयरच्या ओळीतच कुलपाचं चिन्ह आहे, ते दाबून टाकायचं म्हणजे मूळ फोटोवर चुकून ब्रश फिरणार नाही. मग त्या लेयरचा ग्रुप करायचा, आणि इथून पुढचे सगळे मास्क फोटोच्या लेयरला न लावता ग्रुपला लावायचे. का? कारण पुढेमागे चेहऱ्यावरचा डाग काढायचाय, वायर पुसायचीय, त्यासाठी फोटोच्या वर एक रिकामा लेयर घेऊन क्लोन ब्रशने (एका जागचं चित्र उचलून दुसरीकडे लावणारा ब्रश) काम करणार, आणि मास्क फक्त फोटोला टांगलेले असतील तर ते ठिगळ फिल्टरच्या बाहेर राहणार. मास्क ग्रुपला असले की फोटो आणि ठिगळ दोन्हींवर सारखाच फिल्टर बसतो.

पण ह्यात एक खोच आहे. क्लोन ब्रशला 'सगळ्या दिसणाऱ्या लेयरवरून उचल' असा पर्याय देता येतो आणि रिकाम्या लेयरवर काम करायचं तर तो द्यावाच लागतो. आता ग्रुपचे मास्क चालू असतील तर ब्रश काय उचलणार? फिल्टर लागून गेलेले पिक्सेल. ते तो ग्रुपच्या आत आणून ठेवणार, आणि त्यांच्यावर तोच फिल्टर परत एकदा लागणार. कर्व्हने (रेघ वाकवून उजेड किंवा रंग कमीजास्त करणारा फिल्टर) उजळवलेला गाल ठिगळापाशी दुप्पट उजळ दिसतो, आणि माणूस ब्रशच्या सेटिंगमधे कारण शोधत बसतो. उपाय सोपा आहे, रिटचिंग करताना ग्रुपच्या सगळ्या मास्कचे डोळे (दाखवायचं-लपवायचं चिन्ह) बंद करायचे, ठिगळं लावून झाली की उघडायचे. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमधे लागू आहे, क्रिटाचा दोष नाही.

मग चेहऱ्यासाठी कलर ॲडजस्टमेंट म्हणजे कर्व्हचा एक मास्क, त्यात मधला भाग थोडा वर ओढायचा, मास्क काळा करून पांढऱ्या मऊ ब्रशने चेहऱ्यावरून फिरायचं. हिरव्या झाकेसाठी कर्व्हचाच दुसरा मास्क घेतला तरी चालतो, हिरव्या चॅनलची कर्व्ह किंचित खाली, फक्त गालाच्या त्या बाजूला. दोन्ही एकाच कर्व्हमधे बसवायचा मोह होतो पण तसं करू नका, उजेडाचा आकार वेगळा आणि झाकेचा आकार वेगळा, मास्क वेगळेच हवेत. आणि ते पांढरंफटक आकाश, त्याचं काही होणार नाही. जिथे डेटाच नाही तिथे मास्क काय करणार. फार तर हलका रंग भरता येईल, पण ढग परत येणार नाहीत.

शेवटी शार्पनिंग. अनशार्प मास्क (नावात मास्क असला तरी हा शार्प करणारा फिल्टर) एन्हान्समधे आहे, त्यात फक्त लाइटनेसवर चालवायचा पर्याय आहे तो टिक करा म्हणजे कडांना रंगीत किनारी येत नाहीत, आणि हा मास्क सगळ्यात वर ठेवा. मास्क खालून वर लागत जातात, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. खात्री करायची असेल तर साधा प्रयोग करा, खाली डिसॅच्युरेट म्हणजे रंग काढून टाकणारा फिल्टर ठेवा आणि वर एचएसव्ही ह्या रंग बदलायच्या फिल्टरमधे सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा फुल करा, काहीच होणार नाही, कारण वरच्याच्या हातात रंग उरलेलाच नाही. आता क्रम उलटा करा. चित्र परत ब्लॅक अँड व्हाईटच दिसेल, पण आता सॅच्युरेशन आधी लागत असल्यामुळे करड्या छटा हललेल्या दिसतील. मास्क ओढून वरखाली करता येतात, एका लेयरवरून दुसऱ्या लेयरवरही नेता येतात, त्यामुळे क्रम बदलून बघायला काही लागत नाही.

मास्क नीट रंगवलाय का ते तपासायची माझी आवडती पद्धत सांगतो, कारण नुसत्या डोळ्यांनी बारीक फिल्टरच्या गळत्या दिसत नाहीत. आधी त्या फिल्टरच्या किंमती कुठेतरी टिपून ठेवा, मग एफ३ दाबून फिल्टर मुद्दाम टोकाला न्या, कर्व्ह पार वर, सगळं भगभगीत. आता मास्क कुठे कानामागे सांडलाय, कुठे हनुवटीखाली अर्धवट राहिलाय ते लगेच दिसतं. ते ब्रशने नीट करा आणि मग परत एफ३ दाबून फिल्टर मूळ किंमतीवर आणा. फिल्टर जिवंत आहे म्हणूनच हे शक्य आहे, डिस्ट्रक्टिव्ह पद्धतीत असलं करायची सोयच नाही.

अजून एक गोष्ट क्रिटात होते जी फारशी कोणी सांगत नाही. कधी कधी उलटी गरज असते, चार फिल्टर पण सगळ्यांचा आकार एकच, उदाहरणार्थ मागचा भाग ब्लर, थोडा गडद, थोडा निळसर, थोडा फिका. चार मास्क चारदा रंगवणं म्हणजे शिक्षा, आणि नंतर एकाची कड बदलली की बाकी तीनही बदला. अशा वेळी क्लोन लेयर घ्या. क्लोन लेयर म्हणजे दुसऱ्या लेयरची किंवा ग्रुपची जिवंत नक्कल, मूळ बदललं की नक्कल आपोआप बदलते. ती मूळच्या वर ठेवायची, तिला चारही फिल्टर मास्क पूर्ण पांढरेच ठेवून टांगायचे, आणि सगळ्यात वर एक ट्रान्सपरन्सी मास्क (लेयरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा) लावायचा. आता आकार फक्त त्या एका ट्रान्सपरन्सी मास्कमधे आहे, तो रंगवा, चारही फिल्टर त्याच आकारात लागतात. खाली मूळ फोटोत डाग पुसला तर वरच्या नकलेतही पुसला जातो. ही रचना पहिल्यांदा जमली की इतकं बरं वाटतं की विचारू नका. आणि वर सांगितलेली ओपॅसिटीची तक्रारही इथे मिटते, क्लोन लेयर हा लेयरच असल्यामुळे त्याला ओपॅसिटी आहे.

ट्रान्सफॉर्म मास्कबद्दल थोडक्यात. फिरवणं, पर्स्पेक्टिव्ह, वार्प, लिक्विफाय हे सगळं मास्क म्हणून लावता येतं, म्हणजे वाकडी इमारत सरळ केली आणि नंतर वाटलं की जास्तच सरळ झाली तर परत जाता येतं. कल्पना फर्स्टक्लास आहे. मोठ्या फोटोवर मात्र जड पडतो आणि खाली ब्रश चालवताना वरचा ट्रान्सफॉर्म परत परत मोजला जातो, त्यामुळे काम करताना त्याचा डोळा बंद ठेवणं शहाणपणाचं.

जडपणाचा विषय निघालाच आहे तर हिशोब करून टाकू. ६००० बाय ४००० चा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. आठ बिटमधे एका पिक्सेलला चार बाइट धरले तर एक लेयर साधारण ९६ एमबी, सोळा बिटमधे त्याच्या दुप्पट, १९२ एमबी, आणि हे फक्त एका लेयरचं, ग्रुपचं एकत्र चित्र, क्लोनचं चित्र हे सगळं मेमरीत वेगळं धरून ठेवावं लागतं. मास्क मात्र स्वस्त, पिक्सेलला एकच बाइट. त्यामुळे मास्क वाढले म्हणून घाबरायचं कारण नाही, लेयरच्या कॉप्या वाढल्या की घाबरा. वेळ खातात ते मोठ्या त्रिज्येचे ब्लर. वर मोठा गॉसियन ब्लर चालू ठेवून खाली रंगवत बसलात तर प्रत्येक फटकाऱ्याला तो परत मोजला जाणार, मग सॉफ्टवेअर हळू आहे म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही.

तरीपण सोळा बिट घ्याच. जेपेग उघडला की तो आठ बिटमधे उघडतो, आणि त्यावर तीन चार कर्व्ह एकावर एक चढले की निळ्या आकाशात पट्टे पडायला लागतात. फिल्टर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह असले तरी प्रत्येक टप्प्याचा हिशोब चित्राच्या बिटमधेच होतो, तिथे गोळाबेरीज झाली की झाली. इमेज मेनूतून कलर स्पेस बदलून सोळा बिट केलं की पुढच्या आकडेमोडीला जागा मिळते. जेपेगमधे आधीच गेलेलं परत येत नाही हे वेगळं सांगायला नको.

आता व्यवस्थापन, म्हणजे खरी डोकेदुखी. मास्क वाढायला लागले की डॉकरमधे फिल्टर मास्क, फिल्टर मास्क, फिल्टर मास्क अशी रांग लागते आणि कुठला कशाचा ते एकेक उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. नावं द्या. तीसुद्धा फिल्टरच्या नावाची नको, कामाची द्या, 'चेहरा उजेड', 'गालावरचा हिरवा', 'मागचं मऊ'. कर्व्ह आहे की लेव्हल्स ते एफ३ सांगेलच, का लावलं होतं ते मात्र कोणी सांगत नाही. लेयरना रंगाची लेबलंही देता येतात आणि वरच्या गाळणीच्या चिन्हातून एकाच रंगाचे लेयर दाखवता येतात, मोठ्या फाईलमधे हे फार कामाचं. आणि मोठा बदल करायच्या आधी कंट्रोल ऑल्ट एस, फाईलची पुढच्या नंबरची आवृत्ती आपोआप सेव्ह होते. लेयर जिवंत असले तरी अंडूची यादी फाईल बंद केल्यावर राहत नाही, हे विसरू नये.

चुकून मर्ज करण्यापासूनही जपा. कंट्रोल ई दाबलं की लेयर खालच्यात मिसळतो आणि सगळे मास्क पिक्सेलमधे भाजले जातात. लेयरवर राइट क्लिक करून फ्लॅटन लेयर केलं तरी तेच. कधी कधी ते मुद्दाम हवं असतं, मग आधी कंट्रोल जे करून नक्कल काढून ठेवा आणि मूळचा डोळा बंद.

तक्रारी अजून आहेत. पहिली, जीमिक, म्हणजे क्रिटातून वापरता येणारा फिल्टरचा वेगळा संच. त्यात शेकड्यांनी फिल्टर आहेत, नॉइज काढायचे वगैरे चांगले चांगले, पण ते क्रिटात मास्क म्हणून लागत नाहीत, सरळ पिक्सेलवरच लागतात. म्हणजे नॉइज काढणं नेहमी आधी, लेयरच्या वेगळ्या कॉपीवर उरकून घ्यावं लागतं. दुसरी, फोटोवाल्यांना ज्याची सवय असते ते हायलाइट, शॅडो, क्लॅरिटी असले स्लायडर इथे नाहीत, सगळं कर्व्ह, लेव्हल्स आणि मास्कमधून करावं लागतं. मला ते आवडतं, पण सगळ्यांना आवडेल असं नाही. तिसरी, कॅटलॉग नाही, एका फोटोच्या सेटिंग पुढच्या पन्नास फोटोंना चिकटवायची सोय नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने हा रिव्ह्यू इथेच सोडून डार्कटेबल ह्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरकडे जावं, तिथे रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल पण चालते, हाताने काढलेले मास्क पण आहेत आणि रंगाच्या किंवा उजेडाच्या मर्यादा देऊन आपोआप बनणारे पॅरामेट्रिक मास्क पण आहेत, आणि एका फोटोची एडिटिंग दुसऱ्यावर चिकटवता येते. क्रिटा एकेका फोटोवर निवांत बसून काम करणाऱ्यांसाठी आहे.

गिम्प ह्या फुकटातल्या फोटो एडिटरचं काय, असं विचारणारे असणारच. मार्च २०२५ मधे गिम्प ३.० आलं आणि त्यात फिल्टर पहिल्यांदा जिवंत राहायला लागले, लेयरच्या ओळीत एफएक्सचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की फिल्टरची यादी, डोळा बंद करा, क्रम बदला, परत एडिट करा. २.१० पासून लोक ह्याची वाट बघत होते आणि ते २०१८ मधलं, म्हणजे सात वर्षं. टेक्स्ट लेयरवर सावली टाकून नंतर अक्षरं बदलली तरी सावली सोबत बदलते, हे फारच छान. पण मास्कच्या बाबतीत ३.० क्रिटाच्या मागे आहे. सिलेक्शन करून फिल्टर लावला तर तो तेवढ्या भागाला लागतो, पण नंतर ब्रश घेऊन त्या फिल्टरचा भाग वाढवणं, कमी करणं ही सोय त्यात नाही. मग लेयरची कॉपी, कॉपीवर फिल्टर, कॉपीला लेयर मास्क, असं करावं लागतं. चालतं, पण आकार आणि फिल्टर एकत्र राहिले असते तर बरं झालं असतं. ज्यांचा हात गिम्पवर बसलाय त्यांनी फक्त ह्यासाठी सोडावं असं मी म्हणणार नाही.

फाईल दुसऱ्याला द्यायची असेल तर जपून. पीएसडीमधे (फोटोशॉपची फाईल) सेव्ह करता येतं, पण क्रिटाचे फिल्टर मास्क फोटोशॉपमधे जिवंत पोचतील ही अपेक्षा ठेवू नका. समोरच्याला द्यायची ती वेगळी प्रत काढा, लेयर फ्लॅटन करून, आणि आपली केआरए म्हणजे क्रिटाची मूळ फाईल आपल्याकडे ठेवा.

त्या केआरए फाईलबद्दल एक गंमत म्हणून सांगतो, ती खरं तर झिप आहे. एक्स्टेन्शन बदलून उघडा. आत सगळे लेयर मिळून तयार झालेलं चित्र पीएनजी म्हणून पडलेलं असतं, लेयरची रचना सांगणारी एक एक्सएमएल असते, आणि प्रत्येक फिल्टर मास्कसाठी दोन वस्तू दिसतात, एक फिल्टरकॉन्फिग नावाची छोटीशी फाईल ज्यात त्या फिल्टरच्या किंमती साध्या मजकुरात लिहिलेल्या, आणि एक पिक्सेलसिलेक्शन ज्यात मास्कचा आकार. तुमचा मूळ फोटो वेगळा, किंमती वेगळ्या, आकार वेगळा, सगळं आपापल्या जागी. एखाद्या फाईलने उघडायला नकार दिला तर निदान ते तयार चित्र तरी झिपमधून काढून घेता येतं.

घ्यायचं असेल तर क्रिटाच्या वेबसाईटवरून फुकट उतरवा, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. स्टीम आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधे तेच विकत मिळतं, ते पैसे डेव्हलपमेंटला जातात, फिल्टर आणि मास्क दोन्हीकडे तेच. टॅबलेट पेन असेल तर मास्क रंगवायला फार मजा येते कारण ब्रशचा दाब थेट करड्या छटेत उतरवता येतो, पण माउसनेही भागतं, फक्त ब्रशची ओपॅसिटी कमी ठेवा आणि दोनतीनदा फिरवा.